विश्लेषण : सरासरी गाठूनही पीक का करपते? सोनाळ्याच्या पायथ्यापासून पूर्णाकाठापर्यंत एकाच तालुक्यातील दोन दुष्काळ

२२ जुलै २०२३ रोजी सातपुड्यात कोसळलेल्या पावसाने बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत हाहाकार उडवला. नदी-नाल्यांचे पाणी गावांत शिरले, शेतातील माती पिकासकट खरडून गेली. त्यानंतर आला ऑगस्ट. देशाच्या पातळीवर तो १९०१ पासूनचा सर्वात कोरडा ऑगस्ट ठरला. पाऊस सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी झाला. जुलैत वावरातले पाणी बाहेर कसे काढायचे या चिंतेत असलेला शेतकरी महिन्याभरात आभाळाकडे डोळे लावून बसला. याला अतिवृष्टी म्हणायचे की दुष्काळ? शासनाच्या तक्त्यात दोन्हींचे रकाने वेगळे आहेत. सोनाळ्यासारख्या गावात मात्र ते एकाच हंगामात, एकाच सातबाऱ्यावर येतात.

‘खंड’ म्हणजे नेमके काय आणि तो यादीत का दिसत नाही?

बुलढाणा जिल्ह्याचा वार्षिक पाऊस साडेसातशे मिलिमीटरच्या आसपास आहे. हा पाऊस जून ते सप्टेंबर नीट विभागून पडला तर सोयाबीन, कपाशी, तूर ही कोरडवाहू पिके सहज निघतात. अडचण एकूण पावसाची कमी आणि दोन पावसांमधील अंतराची जास्त आहे. जूनअखेर पेरलेले सोयाबीन ऑगस्टच्या सुरुवातीला फुलावर येते आणि महिनाअखेरीस शेंगा भरू लागतात. नेमक्या याच काळात तीन आठवडे पाऊस थांबला तर फुले गळतात, दाणा बारीक राहतो. सप्टेंबरमध्ये नंतर कितीही पाऊस पडला, तरी गेलेले फूल परत येत नाही. जिल्ह्याची सरासरी मात्र तोपर्यंत भरून निघालेली असते.

केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेत हा खंड मोजण्याची तरतूद आहे. सलग तीन ते चार आठवडे पाऊस सरासरीच्या निम्म्याहून कमी असेल, तर तो महत्त्वाचा निकष धरला जातो. त्यापुढे पेरणीचे क्षेत्र, उपग्रहाने टिपलेली पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा, भूजल अशी चाळण लागते. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्याने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. त्यात बुलढाणा जिल्ह्यातील बुलढाणा आणि लोणार हे दोन तालुके होते, संग्रामपूर नव्हता. पुढच्याच महिन्यात १,०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर झाली. तेथे कसोटी अशी होती, की जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी आणि एकूण ७५० मिमीहूनही कमी हवा. ही बेरजेची कसोटी आहे. जुलैच्या एका दिवसात ढगफुटीसारखा पाऊस झाला, की तोही त्याच बेरजेत जातो, मग त्यातले पाणी शेतात मुरलेले असो वा पूर्णेला मिळालेले.

सोनाळ्याच्या पायथ्याला पाणी का टिकत नाही?

सोनाळा हे संग्रामपूर तालुक्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले गाव. वर अंबाबरवा अभयारण्याचे जंगल, खाली संत्र्याच्या बागा, कपाशी आणि सोयाबीनची वावरे. डोंगरातून वेगाने उतरणारे नाले सपाटीवर आल्यावर मंदावतात आणि सोबत आणलेले गोटे, वाळू, मुरूम तेथेच टाकून देतात. हजारो वर्षांत असा जाड थर पायथ्याला साचला आहे. भूजलशास्त्रात या पट्ट्याला ‘बझाडा’ म्हणतात.

हा थर चाळणीसारखा आहे. पाणी त्यात चटकन मुरते आणि तितक्याच चटकन खाली निघून जाते. चांगला पावसाळा झाला की विहिरी भराभर वर येतात आणि उपसा वाढला की उन्हाळ्यात तितक्याच वेगाने तळ गाठतात. पाणी गोड असल्याने बागायतीचा मोह होतो. विहीर आटली की बोअर आणि बोअर आटली की आणखी खोल बोअर, हा क्रम मग ठरलेला. राज्याच्या भूजल कायद्यात ६० मीटरहून खोल विहिरींवर निर्बंध आहेत, पण बोअरची गाडी रात्रीतून काम उरकून जाते हे कोणत्याही गावात सांगावे लागत नाही.

दुचाकीने तासाभरावर चित्र उलटे कसे होते?

सोनाळ्याहून दक्षिणेला, पूर्णा नदीच्या दिशेने निघाले की माती काळी आणि चिकण होत जाते. गोटे संपतात, उतार संपतो आणि खारपाणपट्टा सुरू होतो. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात तो पसरला आहे. येथे भूजल आहे, पण खारे. ते पिकाला दिले तर त्यातील सोडियममुळे माती घट्ट होते, निचरा थांबतो आणि जमीन हळूहळू नापिकीकडे जाते. म्हणजे विहिरीला पाणी असूनही शेत कोरडवाहूच. पिण्याच्या पाण्यासाठीही वान धरणातून येणाऱ्या १४० गाव योजनेकडे पाहावे लागते.

गंमत म्हणजे जी चिकण माती खारपाणपट्ट्याचा शाप मानली जाते, तीच पावसाचे पाणी धरून ठेवायला उत्तम आहे. तेथे खोदलेले शेततळे प्लास्टिक न अंथरताही बऱ्यापैकी टिकते, कारण ओली झालेली काळी माती फुगते आणि फटी बुजतात. तेच तळे बझाड्यात खोदले तर आठवड्याभरात रिकामे होऊ शकते.

अस्तर न घातलेले गळके तळे बझाड्यात मात्र अगदीच वाया जात नाही. गळालेले पाणी विहिरीकडे जाते. म्हणूनच पायथ्याच्या गावांत पाणी साठवण्यापेक्षा मुरवण्याला जास्त अर्थ आहे. त्यासाठी पाझर तलाव आहेत, नाल्यावरचे बांध आहेत, शेतातून वाहणारे पाणी गोटे-खडी-वाळूच्या खड्ड्यातून गाळून विहिरीत सोडणे आहे. खालच्या पट्ट्यात याच्या उलट, पाणी पृष्ठभागावरच अडवावे लागते. ते खाऱ्या भूजलात मिसळले की पिकाच्या कामाचे उरत नाही. एकाच पंचायत समितीत, एकाच योजनेच्या एकाच नकाशाने दोन्ही गावांत काम केले तर एक गाव नक्की फसते.

शेततळ्याचे गणित दोन एकरवाल्याला परवडते का?

‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना राज्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये आणली तेव्हा त्यातील सर्वात मोठा आकार ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोल असा होता. बाजूंना उतार ठेवावा लागतो, त्यामुळे तळाशी ते २४ बाय २४ मीटर उरते. त्यात मावते सुमारे २,१९६ घनमीटर, म्हणजे जवळपास २२ लाख लिटर पाणी. आकडा मोठा वाटतो. मात्र तळ्याच्या तोंडानेच ९ गुंठे जागा खाल्ली. भोवतालचा मातीचा भराव धरला तर आणखी. दोन एकर म्हणजे ८० गुंठे. त्यातली दहा-बारा गुंठे काळी जमीन खड्ड्यात घालायची, ही गोष्ट कागदावर मंजूर होते, घरात होत नाही. कृषी गणनेनुसार (२०१५-१६) राज्यातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर आहे, हे लक्षात घेतले की या योजनांचा लाभ मोठ्या खातेदारांकडे का झुकतो ते कळते.

आता लहान तळ्याचा हिशेब पाहू. १५ बाय १५ बाय ३ मीटरच्या तळ्यात ४४१ घनमीटर, म्हणजे ४ लाख ४१ हजार लिटर पाणी मावते. जागा लागते सव्वादोन गुंठे, भराव धरून तीन-चार. यातले एक तृतीयांश पाणी बाष्पीभवनात आणि मुरण्यात गेले असे धरले तरी सुमारे ३ लाख लिटर हाती राहते.

पिकाला तुषार सिंचनाने ३० मिमीचे एक पाणी द्यायचे तर एका एकराला साधारण १ लाख २० हजार लिटर लागतात. म्हणजे या छोट्या तळ्यातून अडीच एकर सोयाबीनला एकदा पाणी मिळते. ते एकदाच मिळणार आहे, पण शेंगा भरताना पंचवीस दिवसांचा खंड पडला असेल तर तेवढेच हवे असते. याला संरक्षित ओलित म्हणतात. उन्हाळी भुईमूग किंवा केळी यावर होणार नाही आणि तसे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये.

तळे भरणार कशाने, हा पुढचा प्रश्न. दोन एकरांवर ५० मिमीचा जोरदार पाऊस झाला आणि त्यातला ३० टक्के वाहून तळ्यात आला, तर सव्वा लाख लिटर जमा होतात. असे चार पाऊस जून-जुलैत झाले की तळे काठोकाठ. विदर्भात हे अशक्य नाही. आता पाऊस असाच, कमी दिवसांत जास्त, पडू लागला आहे. खंडात पाणी वापरून झाल्यावर सप्टेंबरच्या पावसात ते पुन्हा भरले तर हरभऱ्याच्या पेरणीची ओलही त्यातून निघते.

हे गणित बिघडते ते तळे बोअरने भरायला सुरुवात झाली की. एप्रिल-मेच्या उन्हात विदर्भात उघड्या पाण्याचा दिवसाला एक सेंटीमीटरच्या आसपास थर उडून जातो. ३० बाय ३० मीटरचे भरलेले तळे म्हणजे रोज ९ हजार लिटर हवेत. जमिनीखाली सावलीत असलेले पाणी वीज जाळून वर आणायचे आणि उन्हात ठेवायचे, असा हा व्यवहार आहे. फळबागांच्या पट्ट्यात तो सर्रास चालतो.

संत्र्याचा बहार हा दुष्काळाचा निर्णय कसा?

सोनाळा, टुनकी परिसरात संत्रा हे पैसा देणारे पीक आहे आणि खरी जोखीमही तेथेच आहे. सोयाबीन गेले तर एक हंगाम जातो. संत्र्याचे झाड वाळले तर सहा-सात वर्षांची गुंतवणूक सरपणाला जाते.

संत्र्याला फुलवण्यासाठी आधी ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी तोडावे लागते. डिसेंबर-जानेवारीत ताण देऊन थंडी ओसरताना फुलवला तो आंबिया बहार. त्याची फळे ऑक्टोबरपासून तोडणीला येतात. मे महिन्यात ताण देऊन जून-जुलैच्या पावसावर फुलवला तो मृग बहार. फळ येते फेब्रुवारीनंतर. बागायतदार यातला एक निवडतो आणि त्या निवडीतच पुढच्या उन्हाळ्याचा हिशेब ठरतो. आंबिया धरला तर मार्च ते जून झाडावर लहान फळे असतात आणि पाणी एक दिवसही चुकवता येत नाही. मृगात कडक उन्हाळ्यात झाड विश्रांतीला असते, जिवंत ठेवण्यापुरते पाणी पुरते. मात्र जूनचा पाऊस लांबला किंवा ताण बसण्याआधीच वळवाने झोडपले, तर मृग फुटतच नाही.

पूर्ण वाढलेल्या झाडाला मे महिन्यात ठिबकनेही दिवसाला शंभर लिटरहून अधिक पाणी लागते. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या बागेत एकरी सुमारे ११० झाडे बसतात. म्हणजे रोज ११ हजार लिटर आणि तीन महिन्यांत जवळपास १० लाख लिटर, फक्त एका एकरासाठी. वरच्या हिशेबात तेवढ्याच पाण्यात आठ एकर सोयाबीनला खंडातले एक पाणी देता आले असते. कोणते पीक चांगले हा येथे मुद्दा नाही. एकाच भूजलातून दोघे पीत आहेत आणि त्यातल्या एकाचा पेला फार मोठा आहे, एवढेच हे आकडे सांगतात.

सातपुड्याच्या याच पायथ्याला, पूर्वेकडे अमरावती जिल्ह्यात, वरूड आणि मोर्शी हे संत्र्याचे प्रसिद्ध तालुके आहेत. तेथे भूजलाचा अतिउपसा झाला आणि २०१९ च्या उन्हाळ्यात मोठ्या प्रमाणावर बागा वाळल्या. टँकरने पाणी विकत घेऊन झाडे जगवण्याची वेळ आली. तेथेही आधी विहिरी होत्या, मग बोअर आल्या, मग त्या खोल गेल्या. पायथ्याच्या गावांनी दिवाळीनंतर विहिरीच्या पाण्याची पातळी मोजून मगच आंबिया धरायचा की सोडायचा हे ठरवले, तर त्यासाठी दोरी आणि दगडापलीकडे काही लागत नाही. अडचण अशी, की शेजाऱ्याने उपसा चालू ठेवला तर आपल्या संयमाचे पाणी त्याच्या बागेला जाते. हा निर्णय एकट्याने घेण्यात फारसा अर्थ नाही, आणि गावाने मिळून घेण्याची सवय पिण्याच्या पाण्यापलीकडे अजून गेलेली नाही.

पैसे न लागणारे उपाय किती कामाचे?

वाटतात त्यापेक्षा बरेच. पहिला आहे पेरणीची घाई न करण्याचा. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असा सल्ला कृषी विभाग दरवर्षी देतो आणि दरवर्षी पहिल्या सरीला तिफण निघते. दुबार पेरणीत बियाणे, खत, मजुरी दुप्पट लागते आणि हंगाम पंधरा दिवस मागे सरकतो. त्यामुळे फुलोरा नेमका खंडात सापडण्याचा धोका वाढतो.

दुसरा आहे रुंद वरंबा सरीचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेत बीबीएफचा. काळ्या जमिनीसाठी ही पद्धत हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेने १९७० च्या दशकात विकसित केली. पीक वरंब्यावर, दोन्ही बाजूंना सरी. जास्त पाऊस झाला की सरीतून पाणी निघून जाते, पाऊस थांबला की सरीत मुरलेली ओल मुळांना मिळते. २०२३ सारख्या, एका महिन्यात पूर आणि दुसऱ्यात खंड असलेल्या हंगामासाठी यापेक्षा सोयीचे काही सुचवणे कठीण आहे. बीबीएफ यंत्राला ट्रॅक्टर लागतो आणि ते पेरणीच्या आठ दिवसांत सर्वांनाच एकदम हवे असते. दोन एकरवाल्याचा नंबर शेवटी लागतो. यावर उतारा म्हणून काही जण सपाट पेरणी करून डवरणीच्या वेळी ठराविक ओळींनंतर डवऱ्याला दोरी बांधून सरी पाडतात.

डवरणी हाच तिसरा उपाय. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे जुने लोक म्हणत. काळी माती वाळली की भेगाळते आणि भेगांतून खोलवरची ओल उडून जाते. डवऱ्याने वरचा थर भुसभुशीत केला की भेगा बुजतात. तणनाशक आल्यापासून डवरणी कमी झाली, कारण तण मारायला तिची गरज उरली नाही. ओल धरायला ती लागतेच, हे मात्र विसरले गेले. याशिवाय खंडात पोटॅशियम नायट्रेटची (१३-०-४५) एक टक्क्याची फवारणी, म्हणजे दहा लिटर पाण्यात १०० ग्रॅम, केल्याने पीक ताण काही दिवस सोसते.

चौथा उपाय वाणाचा आणि आंतरपिकाचा. सोयाबीनमध्ये जेएस ९३०५ सारखे सुमारे ९० दिवसांचे वाण जेएस ३३५ च्या आठवडाभर आधी निघते. पण सर्व क्षेत्रावर लवकरचे वाण पेरणे हीसुद्धा एकाच घोड्यावरची पैज. खंड लवकर आला तर तेच आधी सापडते. दोन वाण निम्मे-निम्मे पेरले तर सगळे एकदम जात नाही. सोबत तूर असली तर उत्तमच. तिचे मूळ खोल जाते आणि ऑगस्टच्या खंडात ती फुलावर नसते. बदनापूर संशोधन केंद्राची बीडीएन ७११ ही तूर साधारण १५० ते १५५ दिवसांत येते, त्यामुळे हलक्या जमिनीत ओल संपण्याआधी शेंगा भरतात. कापूस, ज्वारी, तूर, मूग असे मिसळ पीक वऱ्हाडात पूर्वी घरोघर होते. सलग सोयाबीनने ते मोडले आणि कडब्याअभावी जनावरांचा चाराही विकत घेण्याची पाळी आणली.

सरकारी योजनांनी काय साधले?

संमिश्र. जलयुक्त शिवार अभियानावर ९ हजार ६०० कोटींहून अधिक रुपये खर्च झाले आणि २०२० मध्ये महालेखापरीक्षकांनी (कॅग) भूजल पातळी वाढवण्यात त्याला फारसे यश आले नसल्याचा ठपका ठेवला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचा दुसरा टप्पा मंजूर झाला. महामार्गाच्या भरावासाठी लागणारी माती-मुरूम नाले, तलाव खोल करून काढायची, म्हणजे रस्ताही होतो आणि साठाही वाढतो, हा ‘बुलढाणा पॅटर्न’ देशभर गाजला. मोताळा तालुक्यातील सिंदखेड गावाने श्रमदानातून केलेल्या कामाला २०१८ च्या वॉटर कपमध्ये राज्यात विभागून दुसरा क्रमांक मिळाला. जागतिक बँकेच्या साहाय्याने २०१८ पासून राबवलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यातील ५,१४२ गावांपैकी ९३२ गावे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील होती; खारपाणाची अडचण वेगळी आहे हे त्यात निदान मान्य झाले.

पूर्णेवरील जिगाव प्रकल्प १९९० च्या दशकात मंजूर झाला, तो अजून पूर्णत्वाची वाट पाहतो आहे. बझाडा पट्ट्यासाठीची सर्वात मोठी घोषणा १० मे २०२५ रोजी झाली. मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांनी तापी मेगा रिचार्ज प्रकल्पाच्या करारावर सह्या केल्या. तापीचे पावसाळ्यातील पाणी सातपुड्याच्या पायथ्याने कालव्यातून नेऊन याच गोटे-वाळूच्या थरात मुरवायचे, अशी ही कल्पना. महाराष्ट्रात जळगाव, बुलढाणा, अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतील २ लाख ३४ हजार हेक्टरहून अधिक क्षेत्राला लाभ होईल असे सांगितले गेले. जिगावचा अनुभव असलेला शेतकरी त्या भरवशावर यंदाचा आंबिया धरणार नाही.

आणि पीक विमा?

खरीप २०२३ मध्ये राज्याने एक रुपयात विमा दिला. त्या वेळी ‘हंगामातील प्रतिकूल परिस्थिती’ अशी तरतूद होती. खंडामुळे अपेक्षित उत्पादन उंबरठा उत्पादनाच्या निम्म्याखाली जाईल असे दिसले, तर संभाव्य भरपाईच्या २५ टक्के रक्कम हंगाम सुरू असतानाच आगाऊ मिळण्याची सोय होती. फवारणीला, रब्बीच्या बियाण्याला तेवढा आधार होई. खरीप २०२५ पासून एक रुपयाची सवलत गेली, शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के झाला आणि ही तरतूदही वगळली गेली. भरपाई आता हंगामाअखेर, महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर ठरते. ज्या मंडळात निम्म्या शेतांना पायथ्याच्या विहिरीचे पाणी मिळाले आणि निम्मी ऑगस्टमध्ये करपली, तेथे सोंगणीनंतर निघणारा आकडा या दोन्हींच्या मधला असेल.